पैसा ‘झाला’ खोटा, ‘निघाला’ नाही

‘ये रे ये रे पावसा’ हे बडबडगीत आलं कुठून, त्यातला पैसा खोटा का, आणि तुमच्या लेखी त्याचा अर्थ काय, असा प्रश्न आहे. विचारणाऱ्यांनी खाली असंही जोडलंय की मुलीला हे शिकवावं की नको अशा पेचात ते पडलेत, कारण ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की हे गाणं लाच द्यायला आणि वर फसवायला शिकवतं.

शिकवा हो. खुशाल शिकवा. आणि ऑफिसातल्या त्या माणसाची माझ्या दादाशी गाठ घालून द्या, दोघांचं छान जमेल. गेली पन्नासएक वर्षं माझा दादा हेच म्हणतोय. तो मराठीचा मास्तर होता, आता निवृत्त आहे. म्हणजे वर्गात मुलांना सांगून झालं, आता नातवंडांना सांगतो.

आधी उगमाचं उरकून टाकते. हे लोकगीत आहे. बायकांनी मांडीवरच्या पोरांना म्हटलं, पोरांनी अंगणात भिजताना म्हटलं, तसंच ते आपल्यापर्यंत आलं. पुस्तकात ‘देतो पैसा’ छापतात. माझी आजी ‘देते पैसा’ म्हणायची, कारण देणारी ती होती. यातलं काळाचं माप घ्यायचं तर ‘पैसा’ या शब्दावरून घ्या. हा पैसा म्हणजे तांब्याचं नाणं. छत्रपतींची शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकानंतरची, आणि ती आपल्याकडच्या बाजारात एकोणिसाव्या शतकातही चालत होती. सोबत आणखी दहा टाकसाळींचे दहा पैसे. इंग्रजांनी १८३५ मध्ये कायदा करून एका छापाचं नाणं आणलं, तरी जुनी नाणी लगेच गेली नाहीत. या गावचं नाणं त्या गावी सराफापुढे ठेवलं की तो ते उलटंसुलटं करून बघणार आणि बट्टा, म्हणजे किमतीतला काही हिस्सा, कापून घेणार. ‘नावाला बट्टा लागला’ आपण म्हणतो ते तिथलंच. सांगायचा मुद्दा एवढाच, की नाणं बनवणारा भामटा नसतानाही, नाणं खिशात ठेवणारा लबाड नसतानाही, नाणं एका बाजारात खरं आणि दुसऱ्या बाजारात खोटं असू शकत होतं. आज खरं, उद्या खोटं, हेही होतंच.

आता व्याकरण. ओळ काय आहे? ‘पैसा झाला खोटा.’ झाला. नाणं बनावट असलं तर आपण ते खोटं ‘निघालं’ म्हणतो. माणूसही खोटा ‘निघतो’. खोटा ‘झाला’ याचा सरळ अर्थ असा की दिला तेव्हा तो खरा होता, मग खोटा झाला. मग फसवलं कुणी? पावसाला पैसा देणाऱ्या पोराने तर नाहीच.

दादाचं म्हणणं वेगळं. पोराने जाणूनबुजून खोटा पैसा दिला, पाऊस चिडला, म्हणून तो ‘मोठा’ आला आणि पुढच्या कडव्यात मडकं वाहून नेलं. म्हणजे शिक्षा. मास्तर माणसाला प्रत्येक गोष्टीत शिक्षा दिसते. आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. बालाघाटाचा डोंगर, पर्जन्यछायेचा मुलूख. तिथे मोठा पाऊस ही शिक्षा वाटणारा माणूस मी तरी दादाखेरीज पाहिला नाही. आमची घरं धाब्याची, मातीची. पाऊस सुरू झाला की धाब्याच्या पन्हळीखाली मडकं, घागर, परात, हाताला लागेल ते मांडायचं. सर जोराची आली तर मडकं लवंडून अंगणभर घरंगळायचं आणि आम्ही त्याच्यामागे चिखलात. त्यात रडणारं कुणी नसायचं. मडकं गेलं वाहून ही आनंदाची ओळ आहे, दादा.

असो. आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

आमचा भाग निजामाचा. तिथे इंग्रजांचं नाणं नव्हतं, हाली सिक्का होता. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणायचे. सात हालीला सहा कलदार हा हिशेब माझ्या आजीला झोपेतसुद्धा येत होता. आजी शाळेत एक दिवस गेली नव्हती. गोवऱ्या, अंडी, कधी पावशेर तूप, असं विकून आलेले ढबू पैसे, म्हणजे तांब्याची जाड नाणी, ती एका गाडग्यात टाकायची आणि ते गाडगं जात्याखाली पुरलेलं होतं. आजोबांना ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर ते गाडगं गाडगं राहिलं नसतं.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. मग कलदार आला, हाली पण काही वर्षं सोबत चालत राहिला. त्यावर १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आता रुपयाचे शंभर. एका आण्याचे सहा नवे पैसे मिळायचे, पण चार आण्यांचे पंचवीस. ‘चार सक चोवीस, मग पंचविसावा पैसा एकेक आणा मोडताना कुणाच्या खिशात गेला?’ हे आजी मरेपर्यंत विचारायची. बाईने दहा वर्षांत तीन नाणी पाहिली. पण जात्याखाली काय पुरलंय हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे पुरुषमाणसं नोटा-रुपये बदलून आली तेव्हा तिचं गाडगं जागच्या जागी.

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं लग्न ठरलं तेव्हा सुनेला स्वतःच्या कमाईची जोडवी घालायची म्हणून तिने गाडगं उकरलं. पदरात बांधून बाजारच्या दिवशी पाटोद्याला गेली. दुकानदाराने एक पैसा उचलला, उलटा केला आणि परत ठेवला. ‘बाई, हे आता खोटं झालं.’

झालं. हा शब्द आजीने मला पन्नास वेळा तसाच्या तसा सांगितला आहे. दुकानदार ‘हे खोटं आहे’ म्हणाला नाही. त्याने तिला चोर ठरवलं नाही.

शेवटी तिने ते सगळं तांबटाकडे मोडीत घातलं. तांबटाने घट धरली आणि त्या वजनात एक तांब्या दिला, लहानसाच, अरुंद गळ्याचा. जोडवी राहिली. एक ढबू मात्र तिने काढून ठेवला होता. तो तिच्या चंचीत असायचा, सुपारी आणि चुन्याच्या डबीसोबत. काळा पडलेला, मधोमध उर्दू अक्षरांचं वेटोळं, कडा झिजून एका बाजूला पातळ झालेली. मला मांडीवर घेऊन ती ‘ये रे ये रे पावसा’ म्हणायची तेव्हा ‘पैसा’ म्हणताना माझ्या तळहातावर तो ढबू ठेवायची आणि ‘खोटा’ म्हणताना उचलून घ्यायची. तिचं बोट चुन्याने पांढरं असायचं, तो पांढरा ठिपका माझ्या तळव्यावर राहायचा. या गाण्याचा माझ्या लेखी अर्थ काय असं तुम्ही विचारलंत. तो ठिपका आधी आठवतो, अर्थ नंतर.

मग १९७२ साल. मी सात वर्षांची, दादा अकराचा. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. आदल्या साली पण धड पिकलं नव्हतं. आता शहाण्या लोकांकडून ऐकते की बहात्तरला अन्नाचा दुष्काळ होता, पाण्याचा नव्हता, पाणी मिळायचं. मिळायचं की. डोक्यावर घागर घेऊन कोसभर चालायला यांची आई गेली नव्हती. आमच्या वाड्यामागचा आड तळाला लागला होता. नाना आणि आई दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या मातीवर. तिथे सुकडी मिळायची, तिचा वास अजून नाकात आहे. घरी रेशनची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापली की कडेला चिरा पडायच्या.

गावातली मोठी पोरं कडुनिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत दारोदार फिरत होती. मुलींना त्यात घेत नव्हते. मग मी माझा धोंडी केला. आजी दुपारची कलंडलेली पाहून चंचीतून ढबू काढला, आडाच्या काठावर गेले, अख्खं गाणं म्हटलं आणि टाकला. आत पाणी नव्हतं, त्यामुळे बुडाल्याचा आवाज आला नाही. दगडावर आपटल्याचा आला. मला तेव्हाच वाटलं की हे काही खरं नाही.

मागे दादा उभा. त्या आठवड्यात त्याने दुकानातून येताना पाच पैसे हरवले म्हणून नानांच्या हातचा सपाटून मार खाल्ला होता, त्यामुळे आधीच धुमसत होता. म्हणाला, ‘खोटा पैसा दिलास पावसाला? आता तर येतच नसतो.’

आणि आला नाही. त्या वर्षी आला नाही म्हणजे नाहीच.

सात वर्षांच्या पोरीला मान्सूनचे वारे, समुद्राचं तापमान कोण सांगणार? मी मनाशी पक्कं धरून बसले की बीड जिल्ह्याचा दुष्काळ माझ्यामुळे पडला. आई उन्हाने काळी पडून कामावरून यायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत नसे. गोठ्यातली एक गाय चाऱ्याविना गेली, तीही माझ्या खाती. दादाने मला ‘खोट्या पैशाची’ असं नाव पाडलं आणि पोरांनी ते उचललं. चौथीपर्यंत ते मला चिकटून होतं. तुम्ही म्हणाल, पोरपणातली चेष्टा. असेल. ज्याला चिकटतं त्याला विचारा.

दोन दिवसांनी आजीने चंची चाचपली, सुपारी काढली, चुना काढला, पुन्हा चाचपली. माझ्याकडे बघितलं. दादानेच सांगून टाकलं, जरा मीठमसाला लावून. मला वाटलं आता पाठ सुजणार. आजी अडकित्त्याने सुपारी कातरत राहिली, मग म्हणाली, ‘आडात पाणी असतं तर बुडाला तरी असता गं.’ एवढंच. पुढे कधी विषय काढला नाही. त्यानंतर गाणं म्हणताना ती माझ्या तळहातावर नुसतं बोट ठेवायची.

म्हणून मला दादाच्या अर्थाचा राग येतो. गाणं नीट ऐका ना. पैसा खोटा झाला, आणि तरी पाऊस आला. ‘तरी’ हा शब्द गाण्यात नाही, पण दोन ओळींच्या मध्ये तोच आहे. दादाने माझ्या डोक्यात जे भरवलं ते गाण्याच्या बरोबर उलट होतं: पैसा खोटा, म्हणून पाऊस नाही. पाऊस पैशाने येत नाही आणि पैशावाचून अडतही नाही, हे एवढं सरळ पोरांच्या तोंडी घातलंय, आणि आपण त्यात लाच शोधतो. लाच म्हणजे घेणाऱ्याने घेतली पाहिजे. इथे घेतली कुणी?

पुढचंही सांगते, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. २०१६ चा उन्हाळा. लातूरला रेल्वेने पाणी नेलं, तो. आमचाही आड पुन्हा ठणठणीत. दादाने गाळ काढायचं ठरवलं, तो वर ओढायला यारी लावली. (घर आणि रान दादाकडे आहे. मी हक्कसोडीवर सही करून दिली, तो विषय इथे काढत नाही.) मी पुण्याहून मुद्दाम गेले आणि बांधकामावरची वाळूची चाळण मागून घेतली. भाचा हसला, ‘आत्या, खजिना आहे का?’ म्हटलं, आहे. दोन दिवस मी तो काळा, कुजका वास मारणारा गाळ चाळत बसले. घागरीचा काठ निघाला, पोहरे काढायचा गळ निघाला, एका पायातली चप्पल, रबरी चेंडू. आणि नाणी. पाच पैशांची चौकोनी ॲल्युमिनियमची तीन, दहा पैशांचं कंगोऱ्यांचं एक, वीस पैशांचं कमळाचं पितळी एक. ॲल्युमिनियमवर पांढरी खरड धरली होती, कमळ मात्र घासल्यावर ओळखू आलं.

माझा ढबू नव्हता. पण मी एकटी नव्हते, हे पहिल्यांदा कळलं. आडात पाच नाणी आपोआप पडत नाहीत. वीस पैसे त्या काळी कुणी सहज टाकत नव्हतं. कुणीतरी काठावर उभं राहून गाणं म्हटलं होतं. आणि गंमत बघा, ही नाणी टाकली तेव्हा अस्सल होती. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. म्हणजे माझ्या चाळणीत होती तेव्हा झाडून सगळी खोटी. झालेली.

दादा चाळणीशी येऊन बसला. एक पाच पैसे उचलून त्याने पॅन्टवर घासलं, चष्मा वर करून साल बघितलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. मी काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मग उठून यारीवाल्यावर उगाच ओरडला.

आता दोन गोष्टी, ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. एक, ‘निघाला’ शब्द त्या ओळीत बसत नाही. ‘पैसा निघाला खोटा’ म्हणून बघा, ठेका मोडतो. म्हणून ‘झाला’ असेल, हे दादाचं म्हणणं मला खोडता येत नाही. दुसरं, पावसाशी पैसा आणि मोठ्याशी खोटा जुळतं, सरीशी भरी, धावूनशी वाहून. बडबडगीतात निम्मं काम यमकाचं असतं. पोराला अर्थाशी काय देणंघेणं? त्याला ‘मोठा’ म्हणताना दोन्ही हात फैलावायला मिळतात, तेवढं पुरतं. माझा सगळा अर्थ एका ढबूवर उभा आहे, हे मलाही कळतं. भाचा तर म्हणतो की हे गाणं ‘पेरते व्हा’ ओरडणाऱ्या पावशा पक्ष्याला उद्देशून असेल. पक्ष्याला पैसा कोण देईल, म्हटलं, जाऊ दे.

मुलीला शिकवताना मात्र ‘देते’ शिकवा. तळहातावर एखादं नाणं ठेवा, आणि खोटा म्हणताना उचलून घ्या, गिळलं-बिळलं तर पंचाईत. लाचेचं ज्ञान तिला गाण्यातून मिळणार नाही. ते द्यायला बाहेर पुष्कळ जण बसलेत. आणि तिच्यापेक्षा मोठा भाऊ घरात असेल, तर त्याच्यावर जरा लक्ष ठेवा.

आजीचा तांब्या माझ्याकडे आहे. हे उत्तर भाची तिच्या बापाला वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. दादा, त्या पाच पैशांवर साल कोणतं होतं तेवढं सांग.